एकाच कढईतली भाजी

चर्चच्या मागं लसणाची फोडणी बसली का मले माही बायको आठवते. आमी या गावात नवेच आलो होतो. दर वर्षी सुगीच्या उपासनेनंतर प्रीतिभोजन असे. ज्यानं त्यानं घरची भाजी आणायची आन सगळी एकाच कढईत ओतायची. त्या पहिल्या वर्षी माही बायको मात्र वांग्याच्या भाजीचा गंज धरून भिंतीपाशी उभी. म्हणे, "आपली लई तिखट हाय वो. लोकायले नाही आवडली तं?" मले राग आला. म्हटलं, "मंग चाल घरी. पुन्हा यायचंच नाही इथं." ती निघालीच होती, तेवढ्यात पाद्रीणबाईनं तिच्या हातातून गंज घेतला आन कढईत उपडा केला. पंगतीत पहिल्याच घासाले पाद्रीसाहेबाच्या डोळ्यात पाणी! एक म्हातारा ओरडला, "कोनाच्या घरचा जाळ हाय बे हा?" मी भांडाले उठलोच. पण माह्याआधी तीच बोलली, "आमच्या घरचा, आबाजी. अजून वाढू का?" सारी पंगत हसली, आन म्हाताऱ्यानं पत्रावळ पुढं केली. कोनी न सांगता तिनं पदर खोचला आन वाढाले लागली; मंग दर वर्षी पंगतीत तीच वाढे. आता ती नाही. पोरगा म्हणते, बाबा, पुण्याले चला. मी नाही जात. तिथं कोनत्या पंगतीत मले तिचा नवरा म्हणून वळखतीन?