झाकणावर बसलेला इंजिनियर

श्यामसुंदर नेरूरकरला जग वासावरून कळायचं, आणि जगाचा वास त्याला कधीच आवडला नाही.

सत्तावन्न वर्षांचा हा माणूस पालिकेत मलनिःसारणाचा ज्युनियर इंजिनियर होता. सगळी नोकरी त्याने गटारांच्या कामात काढली, पण एकदाही गटारात वाकून पाहिलं नाही. नकाशावरच्या रेषा त्याला पाठ होत्या. रेषांना वास नसतो. साइटवर गेला की आधी वारा कुठून येतोय ते बघायचा आणि त्याप्रमाणे उभा राहायचा. कुणाच्या हातचा चहा घेत नसे. लिफ्टचं बटण पेनाने दाबी. ऑफिसात त्याच्या पाठीमागे त्याला ‘सोवळे’ म्हणत. हे त्याला माहीत होतं, आणि म्हणणाऱ्यांच्या तोंडाला तंबाखूचा वास येतो हेही.

परळच्या चाळीत तो वाढला. सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभं राहायचं आणि पुढच्या माणसाने आपल्यासाठी काय ठेवलं असेल याचा विचार करत पुढे सरकायचं, हे त्याचं बालपण. पुढे नेरूळला वन बीएचके घेतला तेव्हा लोक म्हणाले, हवा छान, रस्ते रुंद. नेरूरकरने घर घेतलं ते संडासासाठी. पांढऱ्या टाइल्स, आतून कडी, मागे रांग नाही. तो आत गेला की बाहेर त्याची बायको सरोजिनी विचारायची, “आत देवघर बांधलंय का हो? घंटा तेवढी लावून घ्या.”

अशा माणसाला बालोद्यानाचं काम मिळालं.

करावे गावाच्या अंगाला पालिकेचं ते जुनं बालोद्यान. झोपाळे, झुकझुक गाडी, आणि एका कडेला छोटं प्राणिसंग्रहालय: माकडं, साळिंदर, दोन चिडके शहामृग, हरणांचं कुंपण. जमिनीखालचं सगळं उद्यानाइतकंच जुनं. पाण्याचे पाइप गंजलेले, वायरी उंदरांनी खाल्लेल्या, आणि मुलांच्या संडासांची लाइन व पिंजरे धुतल्याचं पाणी हरणांच्या कुंपणामागे एकाच चेंबरमध्ये जाऊन तुंबलेलं. हे सगळं बदलायला पैसे मंजूर झाले. सुरुवात गेटपासून झाली.

गेट म्हणजे सिमेंटचा हत्ती. लोकांनी त्याच्या पोटाखालून आत जायचं. मग रंगीत फरशा बसल्या, कारंजं बसलं, ‘आय लव्ह’ लिहिलेलं लाल अक्षरांचं काहीतरी बसलं. सगळ्यात शेवटी कुणाला तरी पाइप आठवले आणि नव्या फरशा उखडून नवी लाइन टाकण्यात आली. हत्तीच्या डोळ्यांना पापण्या काढायला मुद्दाम कारागीर आणला होता. त्या पापण्या दिसल्या की नेरूरकर तोंड फिरवायचा.

उद्घाटन रविवारी होतं. शनिवारी दुपारी जुन्या चेंबरमधला गाळ उपसून ते नव्या लाइनला जोडायचं, एवढंच उरलं होतं. गाळ ओढणारी जेटिंगची गाडी आली आणि हत्तीसमोर थांबली. हत्तीच्या पायांमधून ती जात नव्हती. बाहेरून चेंबरपर्यंत तिचा पाइप पुरत नव्हता. मागच्या बाजूला भिंत, आणि भिंतीपलीकडे खाजणाचा चिखल.

हरणं घोट्यापर्यंत काळ्या पाण्यात उभी होती. त्यांना चारा घालणारी बयाबाई कराव्याचीच. पदर खोचून ती कुंपणाशी उभी होती.

“कवापासून सांगतंय मी,” ती म्हणाली. “पाय कुजलं हरनांचं. हत्ती रंगवाया मानसं हान, यांना बघाया कोन नाय.”

“मावशी, आजच्या दिवस फक्त,” आशुतोष म्हणाला. आशुतोष म्हणजे कामाचा कंत्राटदार, तिशीतला, पांढऱ्या बुटांचा. त्या चिखलातही बूट पांढरे कसे राहतात, याचं नेरूरकरला नेहमी नवल वाटे. कदाचित तेवढ्याच एका गोष्टीसाठी त्याला आशुतोषबद्दल आदर होता.

“हत्तीचा पुढचा एक पाय कापा. खाली टेकू लावा, गाडी आत घ्या,” नेरूरकर म्हणाला.

आशुतोष हसला. “उद्या पाहुणे हत्तीखालून येणार, सर. लंगड्या हत्तीखालून आणू? टेन्शन घेऊ नका. आपला मानसिंग आहे ना.”

मानसिंग राठोड परभणीकडच्या तांड्यावरून आलेला मजूर. आशुतोषच्या साइट्सवर पाइप टाकायचा. तो पुढे आला, शर्ट काढला, बाह्या आत दुमडून नीट घडी केली आणि मेंदीच्या कुंपणावर ठेवला. आशुतोषने कागदी पिशवीतून दारूची क्वार्टर काढून त्याच्या हातात दिली.

“घे. म्हणजे वास लागत नाही.”

मानसिंगने डोळे मिटून मोठे घोट घेतले, बाटली बाजूला ठेवली आणि चेंबरकडे पाहिलं. झाकण अजून बंदच होतं, पण कडांमधून जे येत होतं त्याने त्याचं नाक आक्रसलं, ओठ वर गेले, मान आपोआप दुसरीकडे वळली.

नेरूरकर हे बघतच राहिला. हे तोंड त्याच्या ओळखीचं होतं. असं तोंड तो रोज सकाळी रस्त्यावर पाऊल ठेवताना करत आला होता. इतकी वर्षं या माणसांना त्याने लांबून उतरताना पाहिलं होतं, आणि त्यांना वास येत नसावा अशी त्याची समजूत होती. कुणी तसं सांगितलं नव्हतं. त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

“झाकण उघडायचं नाही,” तो म्हणाला. “माणूस उतरवायला बंदी आहे. आत गॅस असतो. वर येत नाहीत माणसं.”

“कंबरेला दोरी बांधतोय ना,” आशुतोष म्हणाला. “दहा मिनिटांचं काम.”

“दोरीने प्रेत वर येतं.”

आशुतोषने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. वरच्या साहेबांचा आवाज आला, दुपारच्या जेवणाने जड झालेला. “नेरूरकर, तुमच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. उन्हात कशाला थांबता? घरी जा. तुम्ही तिथे नव्हताच, असं समजा.”

त्यात नवीन काय होतं? सगळी नोकरी तो हेच करत आला होता. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं, आणि झाकण उघडायच्या आत आपण लांब निघून जायचं. घरी सरोजिनीने कोकम सरबत केलं असेल. पांढऱ्या टाइल्स, आतून कडी.

नेरूरकरला एकदम मळमळलं, आणि ते चेंबरमुळे नव्हतं. ते फोनमधल्या त्या पोट भरलेल्या आवाजामुळे होतं, त्या क्वार्टरमुळे आणि हत्तीच्या पापण्यांमुळे. सगळ्यात जास्त घाण वाटली ती याची, की घरी जायचं ऐकून आपल्याला क्षणभर बरं वाटलं.

तो चालत गेला आणि चेंबरच्या झाकणावर बसला.

झाकण ओलं होतं. ती ओल पँटमधून आत आली. त्याला उमासा आला, तो त्याने गिळला.

“सर, हे काय नाटक?” आशुतोष म्हणाला. “उचलून बाजूला ठेवीन.”

“उचल,” नेरूरकर म्हणाला. “पण हात लावशील तिथे सगळं लागलेलं आहे.”

आशुतोषने त्याच्या पँटकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे, आणि तो मागे सरकला. बयाबाई फिस्कन हसली.

थोड्या वेळाने मानसिंग जवळ येऊन उकिडवा बसला. “उठा साहेब. कपडे खराब व्हायलेत तुमचे.”

“झालेत.”

“मी उतरलोय की आधी बी. काय व्हत नाही.”

“भीती वाटत नाही?”

“वाटती की. म्हणून तर देतेत ते,” मानसिंगने बाटलीकडे मान केली. मग म्हणाला, “तुमी उठला नाही तर माझी आजची हजेरी जाती.”

नेरूरकर बसून राहिला. ऊन खाली आलं. मांडववाले आले, त्यांना हरणांच्या कुंपणापर्यंत कनात लावायची होती, आणि पाहुण्यांच्या वाटेवर हा चिखलाने माखलेला म्हातारा बसलेला त्यांना चालणार नव्हता. शेवटी आशुतोषच कंटाळला. त्याने मुलांच्या संडासांना कुलूप घातलं, ‘काम चालू’ची पाटी लावली, हरणांच्या बाजूने कनात दुहेरी करायला सांगितली आणि अत्तराचे फवारे मागवले. मानसिंगला म्हणाला, “जा घरी. उद्या येऊ नकोस.”

अंधार पडायच्या आधी गाडी निघून गेली, मगच नेरूरकर उठला. घरी सरोजिनीने त्याला दारातच पाहिलं. तिने वर्तमानपत्र पसरलं आणि ती बादली भरायला गेली.

रविवारी पाहुणे हत्तीखालून आले. कारंजं उडालं. संडास बंद, म्हणून मुलं हत्तीच्या मागच्या पायाशी मुतली, आयांनी ओढण्यांचा आडोसा धरला, आणि त्याच पायाला टेकून लोकांनी सेल्फी काढले. सगळ्यांनी संडासांबाहेरच्या बंद केलेल्या नळांखाली हात धुण्याचा प्रयत्न केला आणि मग तशाच हातांनी पाव खाल्ले. संध्याकाळपर्यंत कनातीमागचं पाणी झुकझुक गाडीच्या रुळांवर आलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरला. सोमवारी सकाळी वरच्या साहेबांचा फोन आला: पाय कापा. जणू ही कल्पना आत्ता त्यांनाच सुचली.

हत्तीचा पुढचा डावा पाय कापला, लोखंडी टेकू लावला, गाडी आत आली. गाडीचा पाइप धरायला माणूस कमी पडला, म्हणून आशुतोषने मानसिंगला परत बोलावलं. गाळ वर ओढला जाताना नेरूरकर पहिल्यांदा चेंबरमध्ये वाकला. आत त्याने कल्पिलं होतं तेच होतं. थोडं जास्तच.

काम आटोपल्यावर मानसिंग हातमोजे घातलेल्या हाताने घाम पुसत त्याच्याजवळ आला.

“शुक्रवारी बोनकोडे गावात हाय काम,” तो म्हणाला. “जुनी गल्ली. तिथं हत्ती नाही काय नाही, पण गल्लीच एवढुशी. गाडी जातच नाही.” तो हसला. त्यात टोमणा होता की नाही, नेरूरकरला कळलं नाही. “तिथं कोण बसंल?”

नेरूरकरने कनात काढलेल्या कुंपणाकडे पाहिलं. बयाबाई हरणांचे खूर पकडून औषध लावत होती, आणि एकही हरीण तिला धड लावू देत नव्हतं.

“कुणाचं काम आहे?”

“यांचंच.” मानसिंगने आशुतोषकडे हनुवटी केली.

नेरूरकरने खिशातून फोन काढला आणि त्याच्यापुढे धरला. “तुझा नंबर टाक. आणि सकाळी उतरायच्या आधी फोन कर. नंतर नाही.”

“तुमी येसाल?”

“नंबर टाक.”

मानसिंगने हातमोजा काढला. आतला हातही ओलाच होता. त्याने एकेक आकडा शोधून दाबला, नाव टाकता येईना म्हणून ते तसंच सोडलं, आणि फोन परत दिला.

तो गेल्यावर नेरूरकरने नळाशी जाऊन हात धुतले आणि फोन पुसला, काच, कडा, मागची बाजू, पुन्हा काच. पुसताना बोट लागून नंबर गेला तर नाही ना, म्हणून त्याने फोन पुन्हा उघडून पाहिला.