लुर्देसची शिफारस

गावात कुणाला काही हवं असलं, की तो लुर्देसच्या कॅफेत येई. शेळी विकायची असो, कौलं बसवायला माणूस हवा असो, लुर्देस कॉफीच्या यंत्रावरून मान न वळवता नाव सांगे आणि वर त्या माणसाच्या तीन पिढ्यांची कुंडली मांडे. पोर्तुगालच्या त्या डोंगराळ मुलखात यापेक्षा वेगळी चौकशी कुणी केल्याचं ऐकिवात नाही. बासष्ट वर्षांची, बुटकी, बारा महिने काळा स्वेटर घालणारी ही बाई आपली शिफारस कधी चुकत नाही असं मानत असे, आणि तसं नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तिला भर कोर्टात गप्प बसवणारी एकच बाई, वकीलबाई ग्रासिएत. विहिरीच्या बांधावरून लुर्देसचा शेजाऱ्याशी खटला झाला, तेव्हा ग्रासिएत शेजाऱ्याच्या बाजूनं उभी होती आणि जिंकली होती. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून लुर्देस तिचं नाव घेत नसे. नुसतं ‘ती बया’ म्हणे.

कॅफेच्या माडीवर गेल्या हिवाळ्यापासून जॉइस भाड्यानं राहत होती. इंग्लंडातल्या शाळेत तीस वर्षं पोरांना जेवण वाढून निवृत्त झालेली, एकटी. तिकडचं घर विकून आली होती. होतं नव्हतं ते घालून इथं एक घर घ्यायचं आणि मरेपर्यंत अंजिरं खायची, एवढाच तिचा बेत. घरही पसंत पडलं होतं, लुर्देसच्या आईवडिलांचं, ओढ्याकाठचं. लुर्देसला बरंच वाटलं. बंद घराची कौलं दरवर्षी ढासळत होती, शिवाय जॉइसचं सूप तिला आवडायचं, म्हणजे नावं ठेवत का होईना ती दोन वाट्या प्यायची.

अडचण एवढीच, की घर कागदावर अजून वडिलांच्याच नावावर होतं आणि वडील कधीच देवाघरी गेले होते. बारा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा सातव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाटणी झाली होती. घर लुर्देसला, डोंगरावरची ऑलिव्हची झाडं भाऊ झेफेरिनोला. गावात वाटण्या अशाच होतात. सही मागणं म्हणजे घरच्यांवर अविश्वास. मग वर्षभरात दारू गाळायच्या तांब्याच्या भांड्यावरून बहीणभावाचं वाजलं. झेफेरिनो फ्रान्सला कामावर परत गेला तो गेलाच. दर ऑगस्टला फ्रान्समधून निम्मं गाव सुट्टीला येतं, तो मात्र पुन्हा आला नाही. भांडं लुर्देसकडे राहिलं. त्यात ती बटाटे ठेवी.

“त्यात काय एवढं, ताई!” वकील नॉर्बेर्तो म्हणाला. हा लुर्देसचा चुलतभाऊ. चौकात ऑफिस, दारावर इंग्रजी पाटी, जिभेवर साखर. “तीन साक्षीदार उभे करायचे. बाराची वीस करायची. वीस वर्षं घर एकट्या लुर्देसच्याच ताब्यात आहे, असं नोटरीपुढं सांगितलं की कायद्यानं घर तुझं. सगळेच करतात.”

“आणि झेफेरिनो?”

“कोण झेफेरिनो?” म्हणत नॉर्बेर्तोनं डोळा मिचकावला.

कोपऱ्यात डोमिनो खेळणारे तिघे म्हातारे तर साक्षीला उतावीळच होते. एका पेल्यावर ते शपथ घ्यायला तयार होते. दोन पेल्यांवर तर त्यांना शपथ पाठसुद्धा झाली असती.

त्याच दुपारी जॉइस काउंटरपाशी आली. तिची मोडकीतोडकी भाषा आता लुर्देसला सहज समजे.

“लुर्देस, मला एक वकील सांग. नॉर्बेर्तो इंग्रजी छान बोलतो, पण तो तुझा भाऊ.”

“अगं, इथं सगळेच कुणाचे ना कुणाचे भाऊ आहेत.”

“बरं. मग आयुष्यभराची कमाई तुझी असती, तर तू कुणाकडे गेली असतीस?”

लुर्देसनं यंत्रावरून मान वळवली. नॉर्बेर्तोचं नाव ओठांवर होतं. पण उद्या एखाद्या ऑगस्टात झेफेरिनो दारात उभा राहिला आणि ही सत्तरीची बाई बॅगा घेऊन रस्त्यावर आली तर? जायला तिकडं घरही उरलेलं नाही. लुर्देसनं एकच बशी तीनदा पुसली.

“ग्रासिएत,” ती म्हणाली.

डोमिनोचा डाव थांबला. “ती बया?” म्हातारा बाल्ताझार ओरडला. “अगं, तिनं तुला हरवलं होतं!”

“म्हणूनच सांगते. बांध माझा नव्हताच. मला ठाऊक होतं, माझ्या वकिलालाही ठाऊक होतं. तरी आमचे नॉर्बेर्तोसाहेब म्हणाले, जिंकू! तिनं मात्र कोर्टाच्या पायरीवर मला गाठून सांगितलं होतं, बाई, हरशील, घरी जा.”

ग्रासिएतचं ऑफिस कोंबडीच्या दुकानावर होतं. बसायची एक खुर्ची, तिच्यावरही फायली. इंग्रजीचा गंध नाही, हसण्याचाही नाही. तिनं पाव तास कागद वाचले.

“भाऊ कुठाय?”

“फ्रान्सला.”

“हयात आहे?”

“आहे.”

“मग त्याची सही आण. तोवर या बाईनं एक सेंटही द्यायचा नाही. आणि साक्षीदारांचं नाव काढू नकोस, तिघांनाही ओळखते मी.”

जॉइसला तिचं हलणारं बोट पाहूनच सगळं कळलं. “हीच,” जिना उतरताना ती म्हणाली. “मला ‘नाही’ म्हणणारी पहिलीच भेटली.”

लुर्देस तीन दिवस कपबशा आपटत होती. चौथ्या दिवशी तिनं बाल्ताझारकडून झेफेरिनोचा नंबर घेतला. तो सगळ्या गावाकडे होता, एक तिच्याचकडे नव्हता.

“कोण गेलं?” आवाज ओळखताच झेफेरिनोनं विचारलं.

“कुणी नाही रे. घर विकतेय. तुझी सही हवी.”

मग तो म्हणाला, “माझ्या सहीवाचून अडतंय थोडंच? गावात तीन साक्षीदार मिळतात की.”

“मिळतात. हे काय, समोरच बसलेत.”

“मग फोन कशाला केलास?”

वकीलबाईचं कारण तिनं घोकून ठेवलं होतं. ऐन वेळी ते तोंडातून निघेना.

“भांड्यातले बटाटे काढलेत,” ती म्हणाली. “घासून ठेवलंय.”

“बटाटे?” झेफेरिनो म्हणाला. “आईच्या भांड्यात तू बटाटे ठेवलेस?” आणि तो हसायला लागला. मग हसू आवरत म्हणाला, “ऑगस्टला येतो.”

“ऑगस्टपर्यंत थांबू नकोस,” लुर्देस म्हणाली आणि भर कॅफेत रडायला लागली. साक्षीदार तिघेही माना खाली घालून सोंगट्या मोजत बसले.