वहिनींनी घातलेले वेढे

तुकईथडला आमच्या केळीच्या मळ्याच्या फाटकाची बिजागरी तुटली. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि ठरवलं, वेल्डिंगचं मशीन आपणच बनवायचं. आतल्या ट्रान्सफॉर्मरसाठी बुऱ्हानपूरच्या कबाड्याकडून दोन बिघडलेले मायक्रोवेव्ह आणले, ओसरीत बसून एकाचं झाकण उघडलं आणि आत हात घालणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी ओरडल्या, "भाऊजी, हात काढा पहिले!"

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. त्या पिठाचे हात पुसत आल्या. "तो कपॅसिटर आहे ना, तो बंद मशीनमध्येही झटका मारतो. माणूस जातो." लाकडी मुठीचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांनी त्याची दोन टोकं जोडली, थोडं थांबून पुन्हा जोडली. "हां, आता घाला."

"तुम्हाला कसं माहीत?"

"लोधीपुऱ्यात आमच्या बाबांचं मोटर वाइंडिंगचं आणि वेल्डिंगचं दुकान होतं की. लग्न होईपर्यंत अर्ध्या मोटरी मीच भरायची."

त्यांच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. त्यांचे बाबा दुकान चालवायचे एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

दोन्ही ट्रान्सफॉर्मरची बारीक तारेची वेटोळी मी करवतीनं कापून काढली. त्या जागी जाड केबल भरायची होती. माझे अकरा वेढे झाले आणि जागा संपली. वर केबलची साल लोखंडाच्या कडेला घासून फाटली.

"सरका," वहिनी म्हणाल्या. त्यांनी सगळं उकललं. आत जाड कागद बसवला, बांबूच्या पातळ खपच्या तासल्या आणि एकेक वेढा लाकडाच्या ठोकळीनं हळूहळू ठोकत असा चपखल बसवला, की माझ्या अकराच्या जागेत अठरा मावले. मोजताना त्या ओठांतल्या ओठांत पुटपुटत होत्या, नजर मात्र हातांवर नव्हतीच. मी नुसता पाहत राहिलो. शेवटी दोन्ही जोडताना म्हणाल्या, "दोघांची दिशा एक पाहिजे. उलटं जोडलं तर एकमेकांनाच खाऊन टाकतील." ही गोष्ट मी पोरांना दरवर्षी शिकवतो. माझ्या मात्र तेव्हा ध्यानातही आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात लाइन दिली. मशीन घुमू लागलं. मी वेल्डिंगचा रॉड टेकवला, तो लोखंडाला चिकटून बसला. झटकून काढला, पुन्हा टेकवला, पुन्हा चिकटला.

वहिनींनी साडीवर भावाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला, हातमोजे घातले, तोंडापुढे काळी काच धरली, दुसरी माझ्या हातात दिली. काडी ओढावी तसा रॉड घासून किंचित उचलला.

माझ्या काचेमागे आधी काळोख होता. मग त्यात एक हिरवट सूर्य उगवला. त्याच्या पायाशी लोखंड पाण्यासारखं हलत होतं, आणि रॉडच्या मागे मागे पुन्हा लोखंड होत होतं. फळ्यावर मी किती वर्षं ट्रान्सफॉर्मरचं चित्र काढतोय: एक चौकट, दोन बाजूंना वेढे. त्यातून हे निघतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

बिजागरी जोडली गेली. वहिनींनी हातोडीनं वरची खपली उडवली, जोड निरखला आणि नाक मुरडलं. "बाबा असते तर पुन्हा करायला लावलं असतं."

"वहिनी, अजून एकदा दाखवा ना."

"काय जोडायचं आता?"

"काहीच नाही. नुसतं पाहायचंय."

त्या हसल्या. कोपऱ्यातली एक गंजकी पट्टी पायानं पुढे ओढली आणि म्हणाल्या, "काच धरा."