साक्षीदार

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ रोज सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर पेपर मोठ्याने वाचतात आणि वाचता वाचता निकालही देऊन टाकतात. समोरच्या पक्षाचा म्हातारा पुढारी व्हेंटिलेटरवर गेला, तेव्हा पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरत म्हणाले, "क्या तमाशा है! सुखाने जाऊ द्या की बिचाऱ्याला." महिन्याभरात ह्यांच्या स्वतःच्या पक्षाचा पुढारी तशाच मशीनवर गेला. "योद्धा आहेत, भिया. लढतायत!" मी पोहे तसेच टाकून उठलो.

मग त्यांच्या आईची वेळ आली. "मला नळ्या लावू नका रे," असं त्या माउलीने माझ्यासमोर त्यांना दोनदा बजावलं होतं. ह्यांनी तिला नऊ दिवस मशीनवर ठेवलं. पक्षाचे साहेब भेटायला यायचे होते ना! साहेब आले, फोटो निघाला, आणि दुसऱ्या दिवशी हे डॉक्टरांना म्हणाले, "अब बस."

परवा एक टाईप केलेला कागद घेऊन घरी आले. शेवटी आपल्याला मशीनवर ठेवू नये, अशी इच्छा त्यात लिहिली होती. नोटरीसमोर दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक मी.

"आणि आईंनी सांगितलं होतं, ते?" मी विचारलं.

"तिने लिहून कुठे दिलं होतं, भिया?"

नोटरीकडे जाऊन मी चडफडत सही केली. त्यांचा मुलगाही आता पक्षाचंच काम करतो. कागद लागेलच.