आवाज काढून दाखवा

मिस्त्रींबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. आम्ही एकाच जिन्यावर राहत होतो, ते खाली, मी वर. पण त्यांचं लहानपण कुठे गेलं, बायको कशाने गेली, यातलं मला काहीच ठाऊक नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या लेकीने "काका, चार ओळी लिहून द्या" म्हटलं, आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

ते शेगड्या दुरुस्त करत. आमच्या थंड गावात घरोघरी लाकडावर चालणारी बंद लोखंडी शेगडी असते. तिचं धुराडं छपरातून वर जातं. शेगडी आवाज करायला लागली की माणसं घाबरतात आणि मिस्त्रींना निरोप जातो. मिस्त्री शेगडीसमोर मांडी घालून बसायचे, मान तिरकी करायचे आणि ऐकत राहायचे. हत्यारं नंतर. निम्मं काम कानांचंच होतं.

एका हिवाळ्याच्या तोंडाशी ते माझ्या दारात उभे राहिले. त्याआधी आमचं बोलणं म्हणजे "आज गारठा आहे" आणि "हो, आहे", एवढंच.

"शेजारी, मोकळे आहात?"

मी टपाल कचेरीतून निवृत्त झालेला, घरात एकटा. मोकळाच होतो.

"मग चला माझ्याबरोबर. पिशवी मी घेतो. तुम्ही नुसतं ऐकायचं."

जिना उतरता उतरता त्यांनी सांगून टाकलं. माणसाचं बोलणं जवळून कळत होतं, पण बारीक आवाज गेले होते. लोखंडाची टकटक गेली होती, ओल्या लाकडाचं सुस्स करणं गेलं होतं. "लोकांना कळलं तर संपलं माझं. बहिऱ्याला शेगडी कोण दाखवेल?"

"पण मला त्यातलं काही कळत नाही हो."

"कळायचं कामच नाही. बाहेर येऊन आवाज काढून दाखवा. तुमचा आवाज जाडा आहे, तो मला ऐकू येतो."

मी आयुष्यात कधी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं. कचेरीत माझं काम पत्रं खणांत लावायचं, तिथे बोलावं लागत नसे. आणि आता मी परक्या घरांच्या जिन्यांत उभा राहून शेगड्यांच्या नकला करू लागलो.

"टक्... टकटक्... टक्."

"तापताना की निवताना?"

"निवताना."

"मग काही नाही, लोखंड आखडतंय. पुढे?"

"सुस्स."

"ओलं लाकूड. अजून?"

"खर्र, खर्र. असं मला वाटलं. कदाचित नसेलही."

"कदाचित काय? वाजलं की नाही वाजलं?"

"वाजलं."

"मग तसं म्हणा की! आतली पट्टी सैल झालीय."

मग आत जाऊन ते पुन्हा मान तिरकी करत, गंभीर चेहऱ्याने थोडं थांबत आणि म्हणत, "हां, पट्टी." मला हसू दाबावं लागे. असं हसू दाबायची वेळ माझ्यावर फार वेळा आलेली नाही.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या धुराड्यात काहीतरी फडफडत होतं. पाखराचा पंख की सैल झडप, हे ठरवायला मिस्त्रींनी मला तो आवाज पुन्हा पुन्हा काढायला लावला. मी गाल फुगवून "फर्र, फर्र" करत असताना दार उघडलं. बाई गळ्यात टेप अडकवून उभ्या.

"मिस्त्रीकाका, यांना काय होतंय?"

मिस्त्री कानामागे हात धरून माझ्याकडे झुकलेलेच होते. बाईंनी दोघांकडे पाहिलं आणि "अगंबाई" म्हणाल्या. त्यानंतर त्या प्रत्येक शब्द ओरडून बोलायला लागल्या. "काका! पाणी! आणू का!"

झडपच होती. मिस्त्रींनी ती घट्ट केली. परतताना ते म्हणाले, "हसली असती तर बरं झालं असतं."

बाई वाईट नव्हत्या. काळजीपोटीच कुणाकडे तरी बोलल्या असतील. पण निरोप यायचे थांबले. लोक एका तरुण फिटरला बोलावू लागले. मिस्त्रींची पिशवी त्यांच्या दाराआड खुंटीला लटकलेली असे. येता-जाता उघड्या दारातून मला ती दिसायची.

खाली जाऊन नुसतं "या, बसू जरा" म्हणावं, तर ते माझ्याच्याने होईना. शेवटी मी निमित्त काढलं. म्हटलं, "मिस्त्री, माझी शेगडी वाजतेय."

ते लगेच पिशवी घेऊन वर आले. "काढा आवाज."

"टकटक. सारखी टकटक."

त्यांनी शेगडीवर तळहात ठेवला. "ही तर गार आहे."

"हो."

"गार शेगडीत टकटक? मग तुमचे गुडघे असतील."

पण ते उठले नाहीत. आतली राख काढली, दाराची बिजागरी पुसली. पुढे मी अधूनमधून आवाज शोधून ठेवायचो आणि तेही दर वेळी पिशवी घेऊन यायचे. मी खोटं बोलतोय हे त्यांना ठाऊक होतं, असं मला वाटतं. नव्हे, ठाऊक होतं.

शेवटच्या संध्याकाळी मात्र मी खोटं बोलत नव्हतो. वारा सुटला होता आणि धुराड्यात काहीतरी घुमत होतं. मिस्त्री आले, मांडी घालून बसले. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला.

"थांबा. काढू नका. मला येतोय."

आवाज जाडा होता, त्यांच्यापर्यंत पोचला. ते मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत राहिले. मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मीही बसून राहिलो.

दुसऱ्या सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत. पुढे त्या तरुण फिटरने माझं धुराडं साफ केलं. काम चांगलं करतो. आता शेगडीचा काही आवाज येत नाही.

त्या शेवटच्या संध्याकाळी निघताना ते दारात थांबले होते.

"धुराड्याच्या टोपीत काजळी भरलीय. उद्या शिडी आणतो."

"या वयात शिडी?"

"मग तुम्ही चढता का?"

"नाही बुवा."

"मग शिडी धरा. आणि आज शेगडी विझू द्या, जास्तीचं पांघरूण घ्या."

"बरं," मी म्हटलं.