मिलिमीटरमावशी

मेंढी संशोधन केंद्रात त्यांना सगळे मिलिमीटरमावशी म्हणत. बाविसाव्या वर्षी त्या शेड झाडायच्या कामावर लागल्या. पुढे सोनोग्राफीचं मशीन आलं आणि तपासणीच्या वेळी मेंढी धरायला माणूस हवा म्हणून त्यांना आत बोलावलं गेलं. मशीन चालवणारा गृहस्थ काही वर्षांनी नोकरी सोडून गेला, तोवर पडद्यावरचं सगळं मावशींच्या डोळ्यांत बसलं होतं. दुसरा माणूस नेमलाच नाही.

काम वरवर सोपं. मेंढीच्या आत हार्मोनचा स्पंज तेरा दिवस ठेवतात. तो काढला की एक इंजेक्शन देतात. मग अंडाशयावरची फॉलिकल वाढू लागतात. फॉलिकल म्हणजे पाण्याने भरलेला बारीक फुगा, आत एक बीज. पडद्यावर तो काळा गोल दिसतो. मोहरीएवढा असतो, तो दोन-तीन दिवसांत वाटाण्याएवढा होतो. पाच-सहा मिलिमीटरला फुटायच्या बेतात येतो आणि फुटला की काळा गोल गायब. तो नेमका कधी फुटला हे कळायला सकाळ-संध्याकाळ बघत राहावं लागतं. बघायचं, मोजायचं, रजिस्टरात लिहायचं. मावशींनी हे सव्वीस वर्षं केलं.

त्यांचे यजमान शिंपी. घरात मापाचीच दोन माणसं, असं ते म्हणत.

"माझा अर्धा इंच चुकला तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेतं," ते चिडवायचे. "तुझं चुकलं तर मेंढी काय बोलणार?"

"म्हणून तर नीट मोजावं लागतं," मावशी म्हणायच्या आणि भाकऱ्या थापायला लागायच्या.

एका साली केंद्राच्या प्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, इंजेक्शनचा नवा डोस ठरवला. बारा मेंढ्या घेतल्या. स्पंज काढल्यापासून तिसऱ्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांची मोठी फॉलिकल फुटतील असा त्यांचा अंदाज होता, आणि तो त्यांनी एका परिषदेत बोलूनही टाकला होता. तिसऱ्या संध्याकाळी सात मेंढ्यांची फुटली. पाचांची तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तशीच, उलट आणखी फुगलेली.

साहेबांनी रजिस्टर दोनदा चाळलं. "मावशी, या पाचांत काहीच नाही झालं?"

"नाही साहेब. एक तर नऊ मिलिमीटरला गेलंय."

"फुटून आत रक्त भरलं असेल. तेही काळंच दिसतं."

"दिसतं. पण याची कड पातळ आहे. रक्त भरलं की कड जाड होते."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. "चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासलात?"

मावशींनी रजिस्टर उचलून जागेवर ठेवलं. सहा-सात महिन्यांपासून पडद्यावर धुकं धरल्यासारखं होत होतं. त्या काच पुसायच्या, मग चष्मा पुसायच्या आणि पुढे मोजू लागायच्या. त्या दिवशी दुपारी रजा टाकून त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

घरी यजमानांनी कात्री खाली ठेवली. "कशाला सांगतेस तिथे? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. ऑपरेशन करून घे गपचूप."

"आणि त्या पाच मेंढ्या?"

"मेंढ्यांचं काय?"

"त्यांच्याबद्दल मी खरं लिहिलंय की खोटं, ते मलाच माहीत नाही."

सकाळी त्या साहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. मोतीबिंदू आहे हे सांगितलं. मग म्हणाल्या, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. दुर्बीण घालून बघा."

साहेब तयार झाले. दुर्बिणीतून आपलंच खरं ठरेल अशी त्यांची खात्री असावी. चार दिवसांनी केंद्रातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पाचही मेंढ्यांना भूल दिली, पोटाला बारीक छेद घेऊन दुर्बीण आत सरकवली. साहेब पडद्याजवळ उभे होते, मावशी मेंढीच्या डोक्याशी.

पहिल्या मेंढीत फुगा शाबूत. दुसरीत, तिसरीत तसंच. चौथीच्या अंडाशयावर लालभडक गाठ होती.

"ही फुटली होती, मावशी," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "आत रक्त साचलं होतं."

पाचवीत पुन्हा फुगा शाबूत.

चार बरोबर, एक चूक. साहेब हात धुवायला गेले. मावशींनी रजिस्टर मागवलं, चौथ्या मेंढीच्या नोंदीवर एक आडवी रेघ मारली, खाडाखोड न करता. बाजूला लिहिलं, 'माझी चूक', आणि तारखेसह सही केली. मग मेंढ्या शुद्धीवर येईपर्यंत त्या शेडमध्येच बसून राहिल्या.

साहेबांनी तो डोस सोडून दिला. अहवालात बारापैकी चार मेंढ्यांत अपयश असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. दोनेक महिने ते मावशींशी कामापुरतंच बोलले. राग नसावा. काय बोलावं हे त्यांनाही कळत नसावं.

मावशींच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. परत आल्यावर सोनोग्राफीच्या खोलीची भिंत पिवळी नसून पांढरी आहे हे पाहून त्या क्षणभर दारातच थबकल्या. पहिल्या आठवड्यात काम कमी होतं. त्यांनी मशीनमध्ये साठवलेली मागच्या वर्षभराची चित्रं एकेक करून काढली आणि पुन्हा मोजली. अकरा ठिकाणी फरक निघाला. कुठे अर्धा मिलिमीटर, एका ठिकाणी दीड. यादी करून त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली.

"अहो, हे कोणी मागितलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"नाही ना. मागायला दुसऱ्या कोणाला तरी ते कळायला हवं होतं. हे मला एकटीलाच माहीत होतं."

बाईंनी यादी टाइप करून घेतली आणि जुन्या फायलींना जोडली. मावशींनी आणखी दोन हंगाम मोजमापं केली आणि ठरल्या तारखेला निवृत्त झाल्या. आता त्या दुकानात यजमानांना काज-बटणं करून देतात.