मेहुणीकडून टेप

दाजींच्या निगडीच्या बंगल्यात हॉलमध्ये शिरलं की डाव्या हाताला काचेचं कपाट लागतं. त्यात सोसायटीनं दिलेली सन्मानचिन्हं आहेत, सिंगापूरहून आणलेला काचेचा मासा आहे, आणि मधल्या कप्प्यात एक जुना टेप आहे. दोन स्पीकरांचा, वर दांडी असलेला, टू-इन-वन. त्याच्यावर खास दिवा सोडलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाजी तो दाखवतात आणि म्हणतात, "आमच्या मेहुणीनं दिलेला. लग्नात." दाजींना एकच मेहुणी आहे आणि ती मी. तो टेप मी दिलेला नाही.

पन्नाशी उलटली तरी मला त्या कपाटासमोरून सरळ जाता येत नाही. लोक म्हणतात, एवढ्याशा गोष्टीचं काय. एवढीशी गोष्ट ज्याची गेलेली नसते त्यालाच ती एवढीशी दिसते, असं माझं मत झालंय आणि ते आता बदलायचं नाही.

आमचं गाव महाळुंग्याला लागून. आता तिथं कंपन्यांच्या पत्र्याच्या शेड आणि ट्रकांच्या रांगा आहेत. तेव्हा कांदा आणि ज्वारी होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, पिंपरीला कंपनीत होते आणि शिफ्ट करून आल्यावर शेतही बघायचे. विहिरीवरची मोटर जळली की ती चाकणच्या रस्त्यावर चाचांच्या दुकानात जायची. चाचा मूळचे देहूरोडचे, जळलेली मोटर नव्या तारेनं भरून देण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. एकदा आप्पांच्या मागं सायकलवर बसून मीही गेले. तेव्हा मी सहावीत होते.

दुकानात फळीवर तेलाच्या बोटांनी काळा झालेला टेप होता. मला वाटलं रेडिओच. तेवढ्यात चाचांनी एक बटण दाबलं, गाणं थांबलं, आतून किरकिर आवाज आला आणि मघाचीच ओळ पुन्हा लागली. मी हबकले. आमच्या रेडिओला मागं जा म्हणून कुणी सांगू शकत नव्हतं, तो आपल्या मर्जीनं बोलायचा आणि आपल्या मर्जीनं खरखरायचा. हा ऐकत होता. माझा चेहरा बघून चाचा हसले. त्यांनी दुसरी कॅसेट घातली, लाल बटण आणि शेजारचं बटण एकदम दाबलं आणि म्हणाले, "बोलो बेटा. कुछ भी बोलो."

मला काही सुचेना, म्हणून मी एकोणतीसचा पाढा म्हटला. मग चाचांनी तो मागं नेऊन लावला. दुकानात माझा आवाज सुरू झाला. मला तो ओळखूच आला नाही. बारीक होता, पण कुठं अडत नव्हता. घरी माझ्या आवाजावरून रोज बोलणी बसायची. पोरीच्या जातीला एवढा मोठा आवाज कशाला, हळू बोल, पाहुणे बसलेत, आत जा. आणि इथं तारा गुंडाळायचं काम थांबवून एक मोठा माणूस माझा पाढा शेवटपर्यंत ऐकत होता. मला टेप हवा झाला तो त्या क्षणी. गाण्यांसाठी नाही. घरात सगळ्यांना वाटत राहिलं की हिला गाण्यांचं वेड लागलंय, आणि मीही कधी दुरुस्ती केली नाही, कारण खरं कारण सांगितलं असतं तर हसले असते.

आप्पा खुशीत होते. म्हणाले, "सातवीच्या स्कॉलरशिपला नाव काढ, तुला असलाच टेप घिऊन दितो."

"मैं सुन रहा हूँ हां, भाऊ," चाचा म्हणाले.

मग माझा तो वेडाचा काळ सुरू झाला. कुठं टेप वाजला की माझे पाय तिकडं वळायचे. चहाच्या टपरीवर ट्रक ड्रायव्हर टेप टेबलावर ठेवून बसत, गणपतीत मंडळाच्या पोरांच्या खांद्यावर टेप असे. चाकणच्या बाजारात एका दुकानाच्या काचेमागं ते ओळीनं मांडलेले असत, आणि आई बांगड्या भरून घेईपर्यंत मी त्या काचेला नाक लावून उभी राही. कुठला दोन स्पीकरांचा, कुठल्याची एरियल निघते, कुठल्यात आवाज भरता येतो, हे मला तोंडपाठ झालं. मोठे सेल किती लागतात हेही माहीत झालं होतं. स्कॉलरशिपचा अभ्यास मी टेपसाठी केला, ज्ञानासाठी वगैरे मुळीच नाही.

निकाल लागला, तालुक्यात नाव आलं. शाळेत हार घातला. चाचांनी एक कोरी कॅसेट बक्षीस दिली, वरचा पातळ कागद तसाच असलेली. आणि दिवाळीनंतर एक दिवस आप्पा कंपनीच्या बसमधून उतरले ते हातात खोकं घेऊनच. खोक्यावर टेपाचं चित्र होतं.

आप्पांनी खोकं कपाटाच्या वर ठेवलं. "सेल आणायचं ऱ्हायलंत," ते म्हणाले. "सेल आणल्यावर उघडू." मी म्हटलं, विजेवर चालतो की. ते म्हणाले, "पहिल्यांदा सेलवरच चालवत्यात. दुकानदारानं सांगितलंय." मी विश्वास ठेवला. आप्पांनी सांगितलेलं खोटं असू शकतं ही कल्पनाच तोवर डोक्यात शिरली नव्हती. एका दुपारी घरात कुणी नसताना डब्यावर चढून मी खोक्याचं झाकण उचललं. थर्माकोलचा वास आला, काळी दांडी दिसली. हात लावला आणि झाकण बंद केलं. त्या टेपाशी माझा संबंध आला तो एवढाच.

निकाल आणि ते खोकं यांच्या मधल्या काळात ताईचं लग्न ठरलं होतं. ताई माझ्याहून बरीच मोठी. मुलगा चाकणजवळचा, भोसरीच्या कंपनीत परमनंट, घरची जमीन. बैठकीला मोठी माणसं ओसरीवर बसली होती आणि आम्हाला आत ठेवलं होतं. बाहेर काय ठरलं ते आम्हा दोघींनाही कुणी सांगितलं नाही. लग्नाच्या गडबडीत माझ्या खोक्याचा विषय काढायची मला लाज वाटायची.

लग्न आमच्याच वावरात, मांडवात. मी करवली, नवं परकर-पोलकं घालून, हातात कऱ्हा धरून ताईच्या मागं उभी. करवलीनं कऱ्हा खाली ठेवायचा नसतो. अक्षता पडल्या आणि आहेर पुकारायला सुरुवात झाली. तेव्हा आमच्याकडे ही पद्धत फार जोरात होती. माईकवर एक माणूस बसायचा आणि कुणाकडून हंडा, कुणाकडून समई, कुणाकडून साडी, हे सगळ्या मांडवाला ऐकवायचा. कर्णे असे बांधलेले असत की शेजारच्या गावालाही कळावं कुणी काय दिलं. ती यादी ऐकत मी कंटाळून उभी होते. आणि कर्ण्यातून आलं, "वधूची धाकटी बहीण, स्कॉलरशिपमध्ये तालुक्यात नाव काढणारी, हिच्याकडून नवरदेवाला टू-इन-वन टेप."

मांडवानं टाळ्या वाजवल्या. रुखवताच्या टेबलावर, मला तोवर न दिसलेल्या कोपऱ्यात, माझा टेप झेंडूचा हार घालून बसवला होता. कुणीतरी म्हातारी माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "लई गुणाची गं माझी बाय." मी आप्पांकडे पाहिलं. ते मंडपाच्या दोऱ्या बघत होते. माझ्या हातात कऱ्हा होता आणि तो खाली ठेवायचा नव्हता, म्हणून मी उभी राहिले. आज विचार करते तर वाटतं, तो कऱ्हा तिथंच आपटायला हवा होता.

पण मी सगळं सोडून दिलं असं नाही. पंगती बसल्या तेव्हा पोरींनी मला नवरदेवाचे बूट पळवायला सांगितलं. तो मेहुणीचा मान. मी बूट उचलले आणि कांद्याच्या चाळीत नेऊन आत खोल खुपसले. मग नवरदेवापुढं येऊन उभी राहिले. सगळे हसत होते. करवलीला काय पाहिजे, विचारा, असं कुणी म्हणालं. हीच वेळ होती. मेहुणी मागेल ते द्यायचं, हा रिवाज. तो मोडायला कुणाला जमणार नव्हतं.

"टेप द्या," मी म्हणाले. मोठ्या आवाजात, माझ्या नेहमीच्या.

जो हशा उसळला तो आवरेना. दाजी म्हणाले, "आत्ताच दिला आन् आत्ताच परत मागतीया व्हय? लई हुशार हाय राव तुमची पोरगी." त्यावर पुन्हा हसले. मुंडावळ्यांच्या आड ताईसुद्धा खांदे हलवून हसत होती. मी पुन्हा म्हणाले, टेपच पाहिजे, तर ते आणखी हसले. शेवटी आईनं येऊन माझा दंड धरला, चाळीपर्यंत नेलं आणि बूट काढून घेतले. "त्यांनी बैठकीत टेप मागितला व्हता," ती दातओठ खात म्हणाली. "त्यांनी मागितला म्हनून दिला म्हनलं तर आपली आब जाती. तुझं नाव तर मोठं केलं की सगळ्यांत." आणि वर म्हणाली, "बहिणीचा संसार म्हत्त्वाचा का तुझं गाणं?"

दुसऱ्या दिवशी आप्पा सेकंड शिफ्टला गेले. नंतर कधी टेपाचा विषय निघाला नाही आणि मी काढला नाही. आता आप्पा नाहीत, आई नाही. ज्यांच्याशी भांडायचं ती माणसं निघून गेली आणि भांडण माझ्याकडं राहिलं, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

मी ताईच्या सासरी जायचं टाळलं. पंचमीला, दिवाळीला ती यायची तेव्हा मी पुस्तक तोंडासमोर धरून बसायची. पुढं मी पिंपरीच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर झाले, आयुष्यभर याचा आवाज त्याला जोडून दिला. मोठा आवाज नोकरीला चालला. दाजींच्या जमिनीतून रस्ता गेला, कंपन्या आल्या, बंगला झाला, आणि माळ्यावरचा टेप काचेत आला.

गेल्या महिन्यात भाचीची बैठक होती. मुलाकडची माणसं हॉलमध्ये बसली होती आणि मी स्वयंपाकघरात ताईला पोहे भरू लागत होते. ताई एकदम म्हणाली, "तुझा टेप पाहिलास का, कसा ठेवलाय यांनी?" मी म्हटलं, पाहिला. ती म्हणाली, "आप्पांनी मला पाठवणीच्या वेळी सांगितलं होतं. तूच हट्ट धरलास म्हणून, माझा टेप ताईला द्या म्हणून. तुला केवढा हवा होता तो, मला काय माहीत नव्हतं का? सासरी पहिलं वर्ष फार वाईट गेलं गं. कुणी बोलायचं नाही धड. मी रोज तो टेप पुसायचे. वाटायचं, माझी एवढीशी बहीण, तिनं दिला. आणि वर बूट लपवून टेपच मागितलास. त्या हसण्यावर मी कित्येक दिवस काढले."

मी बशा मांडत राहिले.

"मला वाटायचं तू आवाज भरून कॅसेट पाठवशील," ताई म्हणाली. "मी वाट बघायचे." चाचांनी दिलेली कॅसेट अजून माझ्या कपाटात आहे, वरचा कागदही निघालेला नाही. ते मी तिला सांगितलं नाही.

आम्ही बशा घेऊन बाहेर आलो तर दाजी पाहुण्यांना काचेच्या कपाटापुढं घेऊन उभे होते. "आमच्या येळेला हुंडा न्हाई, मागणी न्हाई," ते सांगत होते. "हा टेप तेवढा आला. त्यो बी हिनं आपल्या हौसेनं दिला. व्हय का न्हाई, विचारा की हिलाच."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्याकडं वाक्य तयार होतं. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मी ते इतक्या वेळा घोकलं होतं की त्यातला एक शब्दही इकडचा तिकडं झाला नसता. ताई ट्रे धरून दारात उभी होती आणि माझ्याकडं अशी बघत होती की बघवेना.

"हो," मी म्हणाले. "मीच दिला."

मुलाचे वडील खूश झाले. "हे बरं," ते म्हणाले. "आमचंही मागणं काही नाही. तुम्ही हौसेनं द्याल ते." दाजी हसले आणि दोघं सोफ्यावर बसून गाडीच्या रंगाबद्दल बोलू लागले. पांढरी की राखाडी, एवढंच राहिलं होतं. बाकीचं आधीच ठरलेलं दिसत होतं. मुलाकडच्यांपैकी कुणीतरी विचारलं, लग्नात गाडी कुणाकडून म्हणून सांगायची. दाजींनी कोपऱ्यात मोबाईल बघत बसलेल्या भाच्याकडं बोट केलं.

"याच्याकडून," ते म्हणाले. "बहिणीला भावाकडून."

भाच्यानं मान वर केली नाही.